डिजिटल वर्ग आणि पंचवीस टक्के जागा : आपल्या मुलांचा हक्क कुठे?

धाड हे बुलढाणा तालुक्यातले, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळचे गाव. अशा गावांतही खासगी शाळेची ओळख आता डिजिटल वर्ग, संगणक कक्ष आणि शाळेचे अ‍ॅप यांवरून होऊ लागली आहे. शेतमजुरी करणारे आईबापही पोटाला चिमटा काढून मुलाला तिथे घालण्याचा विचार करतात. म्हणून काही गोष्टी आपण नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, तंत्रज्ञान ही खासगी शाळांची मक्तेदारी नाही. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरणारे रणजितसिंह डिसले गुरुजी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत होते. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. भिंतीवरचा पडदा शिकवत नाही, शिक्षक शिकवतो. 'असर' 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातील 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे मात्र 57 टक्के होते आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे 76 टक्के.

दुसरी गोष्ट हक्काची. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 12(1)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या बालकाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जातीचा दाखला लागतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा कायम मिळाला. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या अटीतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ती रद्द केली.

प्रवेश मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. या मुलांना वेगळे बसवता येत नाही. केंद्राच्या 2010 च्या नियमांत ग्रंथालयाबरोबरच माहिती तंत्रज्ञानाच्या सुविधांतही भेदभाव करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे संगणक कक्षाचे दार सगळ्यांना सारखेच उघडे हवे. गृहपाठ फक्त अ‍ॅपवर येत असेल आणि घरातला एकमेव मोबाईल वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर तो मुलगा वर्गात बसूनही मागेच राहतो.

तिसरी गोष्ट फीची. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेला प्रस्तावित फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते. समितीतले पालक सोडतीने निवडले जातात. 'डिजिटल फी'च्या नावाखाली नवी रक्कम मागितली, तर ती समितीने मंजूर केली का, हे विचारा.

कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज सुरू होण्याआधीच विहारात मदतीचे टेबल लावावे. जातीचा आणि रहिवासाचा पुरावा तयार ठेवावा. शाळेत जाऊन तीन प्रश्न विचारावेत : संगणकावर प्रत्येक मुलाला आठवड्यात किती तास मिळतात? मोबाईल नसलेल्या मुलाला गृहपाठ कसा मिळतो? संगणक शिकवणारा शिक्षक आहे का?

बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, ती शिक्षणाचे दार बंद राहिलेल्यांसाठी. आज तेच दार पासवर्डने बंद होऊ नये, हे पाहणे आपले काम आहे.