जोडी एक, ससे दीड कोटी

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीतल्या कुठल्याही परड्यात बसून पाच मिनिटांत कागदावर ससे पाळता येतात. एक नर, एक मादी. मादीने दर दोन महिन्यांनी व्यायचं, दर वेताला सहा पिल्लं द्यायची, त्यात तीन नर नि तीन माद्या. त्या माद्यांनी आठव्या महिन्यापासून आईचाच कित्ता गिरवायचा. कुणी मरायचं नाही, कुणी विकायचं नाही, कुणी खायचं नाही. एवढ्या अटी मान्य केल्या की पहिल्या वर्षअखेर ९२ ससे होतात. दुसऱ्या वर्षअखेर १,८०२. तिसऱ्या वर्षी ३७,२०८. चौथ्या वर्षी ७,७६,५०४. पाचव्या वर्षी १,६१,२९,०१०.

हा हिशेब फार उदार धरलेला नाही. दोन महिन्यांचं अंतर आरामशीर आहे आणि वेताला आठ पिल्लंही होतात. तरी २०११ च्या जनगणनेतला कोल्हापूर जिल्हा ३८,७६,००१ माणसांचा, म्हणजे पाच वर्षांत जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसामागे चार ससे. प्रत्येकाला रोज पाव किलो हिरवा पाला टाकायचा तर दिवसाला ४,००० टन पाला कापावा लागेल. एखादा साखर कारखाना ऐन हंगामात रोज एवढा ऊस गाळतो. फरक इतकाच, की सशांना हंगामअखेरचा पट्टा पडत नाही. सहाव्या वर्षी आकडा ३३ कोटींवर जातो, सातव्या वर्षी ७०० कोटींच्या आसपास, म्हणजे पृथ्वीवरच्या माणसांच्या आकड्याजवळ.

सशांचा असा हिशेब सगळ्यात आधी गाजवला तो पिसाच्या लिओनार्डोने, म्हणजे फिबोनाचीने, १२०२ साली. त्याचं उत्तर होतं वर्षाला ३७७ जोड्या. आपलं पहिल्या वर्षाचं उत्तर ४६ जोड्यांचं. त्याची जोडी दर महिन्याला एकच नवी जोडी देते, तरी तो आपल्या आठपट पुढे, कारण त्याच्या सशांची पिल्लं महिन्याभरात वयात येतात. खरी मादी पाच-सहा महिन्यांची झाल्याशिवाय नराला लावत नाहीत. (तीच आकड्यांची माळ आपल्याकडे हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदातल्या मात्रा मोजताना मांडली होती. त्याला ससे लागले नाहीत.)

कागद बाजूला ठेवला तरी हा प्राणी थक्क करतो. सशाच्या मादीला गाय-म्हशीसारखा माज ठरावीक दिवसांनी येत नाही. नराची भेट झाली की त्यानंतर दहा-बारा तासांनी तिचं बीज सुटतं. गर्भाशयाची दोन शिंगं वेगवेगळी, दोन्हींना स्वतंत्र तोंडं. गाभण काळ ३० ते ३२ दिवस. व्यायच्या आधी ती पेटीत गवत ओढते, मग स्वतःच्या छातीपोटावरचे केस तोंडाने उपटून त्यावर पसरते. दुसऱ्या दिवशी त्या केसांच्या ढिगात बोट घातलं की आत गरम लागतं आणि ढीग हलतो. बोटभर लांबीची, उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. एकेकाचं वजन ५०-६० ग्रॅम.

आई त्यांच्याजवळ बसून राहत नाही. दिवसातून एकदा पेटीत शिरते, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि बाहेर पडते. नवखा माणूस हे पाहून घाबरतो, आई पिल्लांना टाकतेय असं त्याला वाटतं. पण त्या तीन मिनिटांत पिल्लं चोवीस तासांची बेगमी करतात. गोकुळ दूध संघाच्या मुलखात दुधाचं मोल फॅटवर ठरतं म्हणून सांगतो: म्हशीचं दूध सात फॅटचं, सशाचं बारा-तेराच्या पुढचं, आणि प्रथिनं म्हशीच्या तिप्पट. चार किलोची मादी भरात असताना दिवसाला २०० ग्रॅम दूध देते, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाच टक्के. पाचशे किलोच्या म्हशीने त्याच मापाने दूध द्यायचं ठरवलं तर रोज २५ लिटर द्यावं लागेल. या दुधावर पिल्लू आठवड्याभरात दुप्पट होतं, दहा-अकराव्या दिवशी डोळे उघडतं आणि महिन्याचं होताना अर्धा किलो भरतं. जन्माच्या दहापट! माणसाचं तीन किलोचं बाळ या वेगाने वाढलं, तर महिन्याच्या बारशाला तीस किलोचं होऊन येईल.

या वेगाला मोकळं रान मिळालं की काय होतं ते ऑस्ट्रेलियाने पाहिलंय. १८५९ च्या नाताळात इंग्लंडहून २४ ससे व्हिक्टोरियातल्या थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराकडे आले. त्याला शिकारीची हौस होती. १९२० च्या दशकात त्या खंडावरच्या सशांचा अंदाज १,००० कोटींवर गेला. त्यांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात कुंपण घातलं. एकट्या पहिल्या कुंपणाची लांबी १,८३३ किलोमीटर, कोल्हापूर ते मुंबई अंतराच्या जवळपास पाचपट. ससे कुंपण पुरं होण्याआधीच पलीकडे पोचले होते. शेवटी १९५० साली सशांना मारणारा एक विषाणू मुद्दाम सोडावा लागला.

मग प्रश्न असा पडतो, की आपल्याकडे हे का झालं नाही? २०१२ च्या पशुगणनेत देशभरात पाळीव ससे होते सुमारे ५ लाख ९० हजार. शेळ्या साडेतेरा कोटी, कोंबड्या-बदकं ७३ कोटींच्या घरात. सशामागे बाराशेवर कोंबड्या. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, तिचं केंद्र तामिळनाडूत कोडाईकॅनलजवळ मन्नवनूरला आहे. सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट अशा मांसाच्या जाती तिथे वर्षानुवर्षं जोपासल्या जातात. तरीही आपल्या कागदावरची एकच जोडी चौथ्या वर्षी साऱ्या देशाला मागे टाकते.

उत्तर पिंजऱ्यात आहे. विणारी मादी एका पिंजऱ्यात एकटीच ठेवावी लागते. पिंजरा तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. तळाला अर्धा इंच बाय एक इंच आसाची जाळी, म्हणजे लेंडी खाली पडते आणि पाय अडकत नाही. पिंजरा जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. पेटी पावणेदोन फूट लांब, एक फूट रुंद. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला तिच्याकडे नाही. आपल्या जागेत आलेल्याला ती बोचकारते. हे सगळं सोपं. अवघड आहे ते ऊन. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, अंगातली उष्णता तो कानांवाटे बाहेर टाकतो. त्याला मानवतं १५ ते २५ अंश. पारा तिशीपलीकडे राहिला की नराचं बीज कमजोर पडतं आणि पुन्हा सुधारायला दीड-दोन महिने जातात. कोल्हापूरचा एप्रिल-मे पस्तिशीच्या पुढचा. पत्र्यावर उसाचा पाला अंथरला, भोवती ओलं पोतं लावलं, तरी उन्हाळ्यातलं एक वेत बुडालंच म्हणून समजा. सहाचे पाच झाले.

त्यातून गडमुडशिंगी विमानतळाच्या शेजारचं गाव. अचानक मोठा आवाज झाला की मादी दचकते, पेटीत उडी घेते आणि पायाखाली पिल्लं तुडवली जातात. कानाची खरूज, हगवण, कॉक्सिडिओसिस हे नेहमीचे पाहुणे वेगळेच. सहातलं एक पिल्लू गेलं असं धरलं, तर पाच वेतं गुणिले पाच पिल्लं: मादीमागे वर्षाला पंचवीस. हाही आकडा चांगल्या निगराणीचा.

आता पाळायला ससे विकणाऱ्यांचं आवडतं ‘युनिट’ घेऊ: सात माद्या, तीन नर. वर्षाला १७५ पिल्लं. बारा आठवड्यांत प्रत्येक दोन किलोचं, म्हणजे ३५० किलो जिवंत वजन. कातडं, डोकं, आतडी काढली की निम्मं उरतं: १७५ किलो मांस. आठवड्याला साडेतीन किलो. दीड कोटींवरून निघालेली गाडी इथे येऊन थांबते!

खाण्याचा हिशेब याहून कडू. दहा मोठ्यांना रोज दीडशे ग्रॅम कांडी खाद्य, म्हणजे दीड किलो. आईपासून तोडलेली वीस-पंचवीस पिल्लं पिंजऱ्यात कायम असणार, त्यांना पावणेदोन किलो. वर्षाला १,२०० किलोच्या आसपास. म्हणजे किलोभर मांसामागे सात किलो खाद्य, वर हिरवा पाला. ब्रॉयलर कोंबडी चाळीस-बेचाळीस दिवसांत दोन किलोची होते आणि किलोभर मांसाला अडीच किलो खाद्यात भागवते. तुमच्या गावच्या खाद्याच्या भावाने गुणून पाहा. ससा कोंबडीशी भावात लढू शकत नाही. लढायचं तर पाल्यावर लढावं लागतं: लसूणघास, दशरथ घास, शेवरी, कोबीची पानं, गाजराचा पाला. शिवारात उसाच्या वाड्याला तोटा नाही, पण वाडं म्हशीचं. कोवळ्या सशाला ते झेपत नाही.

विकत घेणारेही मोजके. सशाचं मांस पांढरं, प्रथिनं भरपूर, चरबी अगदी कमी. डॉक्टर खूश होतील, कोल्हापुरी माणूस नाही. तांबड्या रश्श्याला तवंग येत नाही. दुसरी अडचण संशयाची. गावातल्या म्हाताऱ्यांना रानातल्या सशाची चव आठवते, आणि रानससा मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पिंजऱ्यातला ससा वेगळाच प्राणी. त्याच्या पेशीत ४४ गुणसूत्रं, रानसशाच्या ४८. दोघांचा संकर होत नाही. रानसशाची पिल्लं केसाळ आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात, याची उघडी नि आंधळी. पण कापलेल्या मांसावर हे लिहिलेलं नसतं, म्हणून गिऱ्हाईक बिचकतं.

खाणारा कमी असला की विकायला एकच गोष्ट उरते: युनिट. घेणाऱ्याने पुढच्याला विकायचं, त्याने त्याच्या पुढच्याला. या साखळीचाही हिशेब करू. १७५ पिल्लांत माद्या सत्त्याऐंशी, सातने भागल्या की वर्षाला बारा नवी युनिटं. उरलेले पन्नासेक नर खाण्याखेरीज कशाच्या कामाचे नाहीत. पहिल्या वर्षी बारा गिऱ्हाइकं लागतात, दुसऱ्या वर्षी १४४, तिसऱ्या वर्षी १,७२८, चौथ्या वर्षी २०,७३६, पाचव्या वर्षी २,४८,८३२, सहाव्या वर्षी २९,८५,९८४. जुन्या युनिटवाल्यांचीही विक्री चालूच असणार, ती यात धरलेली नाही. घरटी पाच माणसं धरली तर अख्ख्या जिल्ह्यात घरं आहेत पावणेआठ लाख. म्हणजे सहाव्या वर्षी घरामागे चार युनिटं खपली तर साखळी टिकणार. न खपली तर शेवटच्या घरात ससे आणि कर्ज दोन्ही उरणार. इमू पाळण्याची लाट आली तेव्हा हेच झालं. २०१९ ला इस्लामपुरातून निघालेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणातही हाच गुणाकार होता आणि त्यात कोल्हापूर-सांगलीची कितीतरी शेतकरी घरं पोळली. दोन्ही वेळा पक्ष्याचा दोष नव्हता.

घरच्यासाठी ससे पाळायचे तर माझं मत सरळ आहे: जरूर पाळा, पण दोन माद्या आणि एक नर. वर्षाला पन्नास पिल्लं, पन्नास किलो मांस, आठवड्याला एक ससा. तेवढ्याला मोठ्यांचे तीन आणि पिल्लांचे दोन असे पाच पिंजरे पुरतात, परड्यातला पाला पुरतो, लेंडीखत वांगी-मिरचीला जातं आणि रविवारी दुकानासमोर रांगेत उभं राहावं लागत नाही. चार किलोची मादी वर्षभरात स्वतःच्या वजनाच्या सहापट मांस देते. तीस किलोची उस्मानाबादी शेळी पिल्लांच्या रूपाने स्वतःच्या वजनाइतकंही देत नाही. सशाचा खरा चमत्कार एवढाच आणि तो एका घराला पुरून उरतो.

आणि युनिट घेऊन कुणी दारात आलाच, तर किती पिल्लं होतील ते त्याला विचारू नका, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात खाण्यासाठी किती किलो मांस विकलं आणि कुणाला, एवढंच विचारा, आणि त्याची पावती हातात घेतल्याशिवाय सही करू नका.