हलकं फ्लायव्हील निवडताना: किलो नको, इनर्शिया विचारा

रिसर्च प्रपोजल घेऊन गेलात की गाइड पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात: "नेमकं काय मोजणार आहात?" प्रश्न साधा वाटतो, पण भलेभले इथेच अडकतात. आज त्याची प्रॅक्टिस गॅरेजमधल्या एका विषयावर करू या. मॅन्युअल गिअरच्या गाडीला हलकं फ्लायव्हील बसवायचं असेल तर ते निवडायचं कसं? लागणारं गणित बारावीच्या रोटेशनल डायनॅमिक्सच्या पलीकडे जात नाही. (तो धडा ज्यांनी ऑप्शनला टाकला होता त्यांनीही वाचा, पुढे जमेल.)

फ्लायव्हील म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाला बोल्टनं बसवलेली जड चकती. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक पॉवर स्ट्रोक येतो, म्हणजे रेटा सलग नसतो, धक्क्याधक्क्यानं मिळतो. ही चकती त्या धक्क्यातली ऊर्जा साठवते आणि मधल्या वेळात परत देते. शिवाय क्लचप्लेट हिच्याच तोंडावर घासते, त्यामुळे क्लचची उष्णताही हीच पोटात घेते. कंपनीनं ती जड ठेवली ती काही निष्काळजीपणानं नाही.

आता जाहिरात बघा: "ओरिजिनल ८ किलो, आमचं फक्त ४ किलो!" आकडा खरा असेलही, पण तो चुकीच्या राशीचा आहे. फिरणाऱ्या वस्तूला वेग द्यायला किती जोर लागतो हे वस्तुमान आणि अंतराचा वर्ग या दोन्हींवर ठरतं. केंद्रापासून ७ सेंटिमीटरवरचा एक किलो कमी केला, आणि तोच किलो १४ सेंटिमीटरवरून कमी केला, तर दुसऱ्या वेळी फायदा चौपट. म्हणून चार-चार किलोची दोन फ्लायव्हील गाडीत अगदी वेगळी वागू शकतात. विचारायची राशी आहे मोमेंट ऑफ इनर्शिया, आपलं जडत्व आघूर्ण.

हिशेबासाठी आकडे मी सोयीचे धरते. जुनं फ्लायव्हील ८ किलो, इनर्शिया ०.०८ किलोग्रॅम-वर्गमीटर. नवं ४ किलो, इनर्शिया ०.०३. फरक ०.०५. टायरची त्रिज्या ०.३ मीटर. गाडी वेग घेत असताना हा फरक किती किलो ओझं उतरवल्यासारखा आहे? सूत्र असं: इनर्शियातला फरक गुणिले (एकूण गिअर रेशो भागिले टायरची त्रिज्या) याचा वर्ग.

पहिल्या गिअरमध्ये फायनल ड्राइव्ह धरून एकूण रेशो १४ घ्या. उत्तर येतं सुमारे १०९ किलो! म्हणजे मागच्या सीटवरची दोन सडसडीत माणसं उतरवल्यासारखं. दुसऱ्यात रेशो ८ धरला तर ३६ किलो. तिसऱ्यात ५.५ ला १७ किलो. आणि पाचव्यात, रेशो ३.२ असताना, जेमतेम ६ किलो, म्हणजे डिकीतली एक बॅग. रेशोचा वर्ग होतो, म्हणून ही घसरण इतकी तीव्र आहे. हायवेवर टॉप गिअरमध्ये "पिकअप जबरदस्त वाढला" असं कुणी सांगितलं तर हे टेबल आठवा. आणि एकाच वेगानं घाट चढताय तेव्हा फायदा शून्य, कारण तिथे फ्लायव्हीलचा वेग बदलतच नाही.

किंमत कुठे मोजावी लागते? साठवलेली ऊर्जा इनर्शियाच्या प्रमाणात असते. ८०० आरपीएमला जुन्या चकतीत सुमारे २८० ज्यूल असतात, नव्यात १०५. सिग्नलला क्लच जरा घाईनं सोडला की गाडी बंद पडणार, आयडलिंगला थरथर वाढणार, गिअरबॉक्समधून खडखड येऊ शकते. गिअर बदलताना आरपीएम झपकन खाली येतात. हात चपळ असेल तर मजा, नसेल तर प्रत्येक शिफ्टला झटका.

आता आपला मूळ प्रश्न: मोजायचं काय? बहुतेक जण ० ते १०० ची वेळ मोजतात. वरच्या आकड्यांवरून मी अंदाज काढला, तर हजार किलोच्या, १२-१३ सेकंद घेणाऱ्या गाडीचा फायदा फार तर अर्ध्या सेकंदाचा येतो. त्यात स्टॉपवॉच दाबण्यातली चूक, वारा, रस्त्याचा चढ, टाकीतलं पेट्रोल आणि ड्रायव्हरचा हात हे सगळं मिसळलेलं. वर ड्रायव्हरला माहीत असतं की नवा पार्ट बसलाय. तो गिअर जरा जोशातच टाकणार. अशा मोजणीतून आलेला निष्कर्ष मी तरी व्हायव्हाला घेऊन जाणार नाही.

त्यापेक्षा फ्लायव्हील गाडीबाहेर असतानाच मोजा. प्रेशर प्लेटचे बोल्ट लागतात त्या भोकांपैकी सारख्या अंतरावरची तीन निवडा, तीन सारख्या लांब तारांनी चकती आडवी टांगा, थोडी पिळून सोडा. ती मागेपुढे झुलते. तारांची लांबी १ मीटर आणि भोकं केंद्रापासून १० सेंटिमीटरवर असतील, तर आपल्या ८ किलोच्या चकतीला एका झोक्याला २ सेकंद लागतील आणि नव्या चकतीला १.७४ सेकंद. वीस झोके मोजा: ४०.१ विरुद्ध ३४.७. मोबाइलच्या स्टॉपवॉचनं ०.२ सेकंदाची चूक झाली तरी इनर्शियातली चूक एखाद्या टक्क्याची. स्टॉपवॉच तेच, हात तोच, पण इथे सिग्नल चुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे. (ही ट्रायफिलर सस्पेन्शनची जुनी पद्धत, एमएस्सीच्या लॅबमध्ये शोधली तर सापडेल.)

धातूबद्दल थोडक्यात. मूळ फ्लायव्हील बहुधा बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं असतं. ॲल्युमिनियमचं सगळ्यात हलकं, पण क्लचच्या घर्षणाला ॲल्युमिनियम टिकत नाही, म्हणून त्यावर स्टीलची वेगळी चकती बसवावी लागते. रोज ट्रॅफिकमध्ये हाफ-क्लचवर चालणाऱ्या गाडीला स्टीलचंच बरं, असं माझं मत.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. जुनं बिडाचं फ्लायव्हील लेथवर टर्निंग करून हलकं करून देतो, असं सांगणारे भेटतात. स्वस्तात होतं खरं. पण ७००० आरपीएमला १४ सेंटिमीटर त्रिज्येच्या चकतीचा काठ ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरत असतो, आणि धातूवरचा ताण या वेगाच्या वर्गानं वाढतो. बीड ठिसूळ; ते ताणाखाली वाकून सूचना देत नाही, थेट फुटतं. क्लचच्या उष्णतेनं पडलेल्या बारीक भेगा तिथे आधीच असू शकतात. तुकडे बेल हाउसिंग फोडून बाहेर येतात, आणि बेल हाउसिंग ड्रायव्हरच्या पायांपासून लांब नसतं. म्हणूनच अमेरिकेतल्या एसएफआय फाउंडेशननं बदली फ्लायव्हील आणि क्लचसाठी १.१ हे स्पेसिफिकेशन ठेवलं आहे. विकत घेताना ते विचारा, बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा.

डिझेल गाडीवाल्यांनी आधी बघावं की आपलं ड्युअल-मास आहे का. दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा, ही रचना युरोपात १९८५ पासून लुक या जर्मन कंपनीनं मोठ्या प्रमाणावर आणली, ती डिझेलचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून. ते काढून एकसंध हलकं बसवलंत तर धक्के सरळ गिअरबॉक्सवर. माझ्या मते हात लावू नका.

पेट्रोल हॅचबॅक असेल आणि गाडी शहरातच चालत असेल, तर इनर्शिया एक तृतीयांशापेक्षा जास्त कमी करू नये. ट्रॅक किंवा ऑटोक्रॉससाठी निम्म्याच्या पुढे गेलात तरी चालेल, कारण तिथे सिग्नल नसतात. काम क्लच बदलायच्या वेळीच करा. गिअरबॉक्स तेव्हा उतरवावाच लागतो, मजुरी एकदाच. पण मग प्रयोगवाला अडतो: फरक नव्या क्लचचा की फ्लायव्हीलचा? हे टाळायला न्यूट्रलमध्ये ४००० वर नेऊन ॲक्सिलरेटर सोडा आणि २००० पर्यंत यायला लागलेला वेळ ओबीडीवर नोंदवा, आधी दहा वेळा आणि बदलल्यावर दहा वेळा. इंजिन सारखंच तापलेलं, एसी बंद. क्लच त्याच मॉडेलचा असेल तर त्याची झीज या आकड्यात येत नाही, आणि दोन वेळांचं गुणोत्तर साधारण एकूण फिरणाऱ्या इनर्शियाचं गुणोत्तर असतं. काही गाड्यांचं ईसीयू थ्रॉटल मुद्दाम हळू बंद करतं. तसं असेल तर थ्रॉटलची नोंदही सोबत ठेवा.