महापालिकेचा पगार आणि कंपनीची पाळी

सरकारी पगार करातून होतो आणि कर भरण्याइतकी उलाढाल आधी कुणीतरी केलेली असावी लागते. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात हे नाते जितके उघड दिसते तितके महाराष्ट्रात क्वचितच कुठे दिसत असेल.

इथली सुरुवात मात्र सरकारनेच केली. १९५४ मध्ये पिंपरीत केंद्र सरकारची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ, आली. शेतजमिनी संपादित झाल्या, रस्ते-पाण्याची सोय असलेले भूखंड पाडले गेले आणि टेल्को, बजाज यांसारखे वाहन कारखाने उभे राहिले. त्यांच्या आधाराने भोसरीत सुट्या भागांचे जॉबवर्क करणारी शेकडो वर्कशॉप वाढली. शहरही पसरत गेले आणि १९९७ मध्ये चऱ्होलीसारखी नदीकाठची गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आली. त्याच वर्षी पिंपरीचा सरकारी औषध कारखाना मात्र आजारी उद्योग ठरला.

महापालिकेची तिजोरी भरली ती जकातीने. कारखान्याकडे निघालेला पोलादाचा ट्रक नाक्यावर थांबे, कागद तपासले जात, मालाच्या किमतीवर जकात भरली की फाटक उघडे. कारखान्यांत मालाची आवक वाढली की महापालिकेचे उत्पन्नही वाढे. त्यातूनच शिक्षक, लिपिक, सफाई कामगार यांचे पगार निघत. एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि जुलै २०१७ पासून जीएसटी. आता जकातीच्या बदल्यात राज्याकडून ठरावीक अनुदान मिळते. गावातला कारखाना आणि गावाची तिजोरी यांच्यातला थेट धागा त्यामुळे तुटला, आणि हे नुकसान मोठे आहे.

उद्योगांनी वेढलेल्या या भागातही घरोघरी मुलांना सरकारी भरतीच्या तयारीला बसवले जाते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. कंपनीत लागलेला मुलगा बहुधा ठेकेदारामार्फत लागतो. पाळीत तो परमनंट कामगाराशेजारी त्याच लाइनवर उभा असतो, पण पगार निराळा आणि गेटपासची मुदत ठेकेदाराच्या हाती. २०१९ च्या मंदीत वाहन कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर घेतले, म्हणजे ठरावीक दिवस उत्पादनच बंद ठेवले, तेव्हा पहिली झळ अशाच कामगारांना बसली. वर्कशॉपवाल्याचीही तीच गत: माल आज जातो, बिल दोन-तीन महिन्यांनी मिळते, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो. कर्ज काढून सीएनसी मशीन घेण्यापेक्षा मुलगा तलाठी झालेला बरा, हा घरच्यांचा हिशेब या परिस्थितीत चुकीचा नाही.

पण सरकारी नोकरीतली हमीही पूर्वीइतकी राहिलेली नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. त्याच वर्षी बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. त्याला विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने तो रद्द केला. महापालिकांची साफसफाई मात्र आजही बऱ्याच अंशी ठेकेदारांकडूनच होते.