वरचा, खालचा आणि पुढचा

ऊसतोड सुरू झाली की भीमाकाठच्या मांडवगण फराट्यात 'मुकादम' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. टोळी कोणत्या फडात उतरवायची, गाडी कधी भरायची, सगळे त्याला विचारून. शब्द मूळचा अरबी. 'कदम' म्हणजे पाऊल. ज्याला पुढे केले तो 'मुकद्दम'. ग्रंथाची प्रस्तावना म्हणजे 'मुकद्दमा', आणि कोर्टातला मुकदमा, ही त्याचीच भावंडे. जुन्या मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलाला मोकदम म्हटलेले आढळते. पुढे मजुरांचा म्होरक्याही मुकादम झाला.

इंग्रजांनी मात्र वरिष्ठासाठी एक शब्द थेट लाकूड कापणाऱ्यांकडून उचलला. यंत्रे येण्याआधी तिकडे ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवून लांब करवतीने चिरत. एक जण ओंडक्यावर उभा राही, दुसरा खाली खड्ड्यात. वरचा करवत आखलेल्या रेषेवर ठेवी. खालचा ती जोर लावून ओढी, आणि सगळा भुसा त्याच्या डोळ्यांत, केसांत. वरच्याला म्हणत 'टॉप सॉयर'. होता होता कोणत्याही क्षेत्रातल्या बड्या असामीला हे नाव पडले. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१८३७-३९) या कादंबरीत तर ते एका पटाईत खिसेकापू पोराला लावले आहे! 'अंडरडॉग' हा शब्दही खड्ड्यातल्या माणसावरूनच आला, असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. तो कुत्र्यांच्या झुंजीतून आला.

आपल्याकडेही लाकूड उंच टेकवून दोघे जण चिरत, एक वर, एक खाली. पण उर्दूत दोघांनाही 'आराकश'च म्हणतात, म्हणजे करवत ओढणारा. दिल्लीत पहाडगंजजवळ आराकशां रोड आजही आहे. आम्हाला हा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. ओढायची तर दोघांनाच असते! आणि 'मिस्त्री' पाहा, त्याचा प्रवास उलटा झाला. पोर्तुगीज 'मेस्त्रे' म्हणजे उस्ताद. आपल्याकडे येऊन तो रंधा मारणारा सुतार झाला.

आता फडातला हिशेब पाहू. पुढच्याला मुकादम म्हणतात, तर तोडणाऱ्याला काय म्हणतात? 'कोयता'. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. दोघे ऊस तोडतात, वाढे छाटतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून गाडीत भरतात. पण मोजणी हत्याराची. बाई त्या एका कोयत्यात कुठे हरवते, हे विचारायला हवे. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, हिशेबही त्याच्याच नावावर. फेडताना मात्र दोघांचे हात लागतात. आजारपणाने खाडा पडला तर तोही त्यांच्याच नावावर चढतो. मुकादमाचेही सोपे नसते. टोळी मध्येच निघून गेली, तर वाटलेल्या उचलीसाठी त्याच्या दारात तगादा येतो.

हदीसमध्ये वरचा हात खालच्या हाताहून चांगला म्हटला आहे, तो देणारा हात म्हणून. वर उभे राहण्याचा तिथे काही संबंध नाही.

हंगामात कोपीवरची मुले शाळेत आली की दाखल्याच्या अर्जावर पालकाचा व्यवसाय लिहावा लागतो. मुले पटकन सांगतात, 'कोयता'. आम्ही 'ऊसतोड कामगार' लिहितो, आणि आईचे नाव व तिचे काम वेगळ्या ओळीत.