किती धाप लागली म्हणजे पुरे?

सौदी अरेबियाच्या नकाशावर ईशान्येकडे बघा. कुवेतच्या सीमेजवळ, समुद्राला लागून अल खफजी हे शहर आहे. इथल्या समुद्राच्या तळाखालून तेल काढतात, आणि त्या तेलामुळेच शहर वाढलं. उन्हाळ्यात दुपारी पारा ४५ अंशांच्या वर जातो. वर समुद्राची दमट हवा. अशा ठिकाणी बायकांनी चालायला जायचं कधी आणि कुठे?

हा प्रश्न फक्त उन्हाचा नाही. सौदीतल्या सरकारी शाळांमध्ये मुलींसाठी पी.टी.चा तास सुरू करायचं ठरलं ते २०१७ साली. बायकांच्या जिमला परवाने मिळायला लागले तेही त्याच वर्षी. म्हणजे तिथल्या सरकारी शाळेत शिकलेल्या, आज चाळिशीत असलेल्या बाईला शाळेत पी.टी. मिळालीच नाही. मराठी आयांचं तसं नाही. लंगडी, खो-खो सगळं खेळून झालेलं असतं. पण आखातात आल्यावर गाडीशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही आणि वजन हळूहळू वाढत जातं.

वजन वाढलं की हृदयाचं काय होतं? शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. एका ठोक्याला साधारण अर्धी वाटी. शरीरात चरबी वाढली की तिलाही रक्त लागतं. मग शरीरातलं एकूण रक्त वाढतं आणि हृदयाला बसल्या जागीसुद्धा जास्त काम करावं लागतं. अशी वर्षं गेली की हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि कडक होऊ लागते.

इथे दोन शब्द शिकून घ्या. आकुंचन म्हणजे आवळणं. प्रसरण म्हणजे सैल होऊन पसरणं. हृदय आवळलं की रक्त बाहेर जातं, सैल झालं की नवीन रक्त आत येतं. कडक झालेलं हृदय आवळतं नीट, पण सैल व्हायला कुरकुर करतं. मग आत येणारं रक्त तुंबतं, त्याचा दाब फुप्फुसांवर येतो आणि जिना चढताना धाप लागते. घरातले म्हणतात, “आळशी झालीयेस तू!” आळस नसतो तो. हृदयाचा हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि लठ्ठपणा हे त्याचं एक मोठं कारण आहे.

आता व्यायामाच्या जोराकडे येऊ. पुस्तकात याला ‘तीव्रता’ म्हणतात. ती मोजायची सोपी युक्ती अशी: चालताना गाणं म्हणता येत असेल तर व्यायाम हलका. बोलता येतं पण गाता येत नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, तर जोरदार.

मध्यम चालीत ठोके वाढतात आणि हृदयाला भरायला वेळही मिळतो. जोर वाढला की दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो. लवचीक हृदय तेवढ्यात भरून घेतं, कडक हृदय अर्धवटच भरतं. म्हणून पहिल्याच दिवशी आईला आपल्या वेगानं पळवू नका.

मनगटावरच्या घड्याळावरही फार विसंबू नका. ‘२२० वजा वय’ हा जास्तीत जास्त ठोक्यांचा जुना हिशोब मुख्यतः पुरुषांच्या माहितीवरून आला. २०१० साली मार्था गुलाटी या हृदयतज्ज्ञ डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागो भागातल्या ५,४३७ बायकांच्या तपासण्यांवरून वेगळा हिशोब मांडला: वयाला ०.८८ नं गुणा आणि ते २०६ मधून वजा करा. ४५ वर्षांच्या बाईसाठी जुना हिशोब १७५ ठोके सांगतो, नवा १६६. म्हणजे घड्याळ “अजून जोरात!” म्हणतं तेव्हा बाईनं कदाचित पुरेसा जोर आधीच लावलेला असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी पडतात. तिथे दोन्ही हिशोब चुकतात आणि बोलून बघायची युक्तीच खरी ठरते.

खफजीच्या उन्हात आणखी एक भानगड होते. अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे जातं, त्यामुळे त्याच चालीला ठोके जास्त पडतात. सकाळची मध्यम चाल दुपारी जोरदार होऊन बसते. मॉलमध्ये एसीत फेऱ्या मारणाऱ्या बायकांना हसू नका. त्यांचं बरोबर आहे.

मग जोरदार व्यायाम करूच नये का? तसंही नाही. २०१८ साली अमेरिकेत डॅलसच्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ ते ६४ वयाच्या, बैठं काम करणाऱ्या ६१ निरोगी लोकांचे त्यांनी दोन गट केले. एका गटानं योग, तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि वजनं असा कार्यक्रम केला. दुसऱ्यानं मध्यम व्यायामापासून सुरुवात करून काही महिन्यांत त्यात चार-चार मिनिटांचे जोरदार तुकडे घातले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाच्या हृदयाचा कडकपणा कमी झाला होता. पहिल्या गटाचा नाही. हे लोक लठ्ठपणासाठी निवडलेले नव्हते, हे मात्र लक्षात ठेवा.

२०२१ साली युरोपातल्या डॉक्टरांनी ज्यांना हा त्रास आधीच झालाय अशा १८० जणांना तपासलं. त्यांतल्या १२० बायका होत्या. सरासरी वय ७०, आणि अनेकांचं वजन जास्त. तिथे मध्यम आणि जोरदार व्यायामात फरक पडला नाही. दोन्हींनी दम थोडासाच वाढला. मला या दोन प्रयोगांमधला वयाचा फरक महत्त्वाचा वाटतो. पन्नाशीत हृदय ऐकतं, सत्तरीत ते ऐकेलच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरदार व्यायाम सांगते. इतका करूनही वजनकाट्यावर काही महिने फारसं काही दिसणार नाही, आणि बऱ्याच जणी तिथेच सोडून देतात. काट्याऐवजी नाडी बघा. बसल्या जागची नाडी कमी होते, रक्तदाब थोडा उतरतो, दोन मजले चढूनही बोलता येतं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र लगेच थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

करून पाहा

१. घरातल्या एका मोठ्या बाईची बसल्या जागची नाडी ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. तिच्याबरोबर १० मिनिटं चाला. थांबल्याबरोबर मोजा, एका मिनिटानं परत मोजा. नाडी किती उतरली?

२. दोन्ही हिशोबांनी तिचे जास्तीत जास्त ठोके काढा.

३. तिला विचारा: “शाळेत असताना तुम्ही मुली काय खेळायचात?” उत्तर पाच वाक्यांत लिहा.