मूठभर दाणे आणि स्वच्छ भांडे

वाचकहो, जेवणापूर्वी कावळ्यासाठी घास काढून ठेवण्याची रीत आपल्या पूर्वजांनी पाळली. पाखराच्या मुखी अन्न घालणे हे आपण पुण्यकर्म समजतो. हेच कर्म जर्मनीत कसे नियमाने केले जाते, ते पाहण्यासारखे आहे.

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, श्टुटगार्टपासून सुमारे १५ किलोमीटरवर झिंडेलफिंगेन हे शहर आहे. १९१५ साली स्थापन झालेला मोटारींचा प्रसिद्ध कारखाना तेथे आहे. आज तो मर्सिडीज-बेंझचा असून याच कंपनीच्या मोटारी आपल्या पुण्याजवळ चाकणलाही जोडल्या जातात. अशा या कारखान्याच्या गावीही हिवाळ्यात परसात दाण्यांची लाकडी घरटी आणि झाडांना टांगलेले चरबी-दाण्यांचे गोळे दिसतात.

याला कारणही तसेच आहे. डिसेंबरात तेथे दिवस जेमतेम आठ-साडेआठ तासांचा असतो व रात्री पाणी गोठते. ब्लाउमाइझे नावाचा निळ्या टोपीचा चिमुकला पक्षी अवघा ११ ग्रॅम वजनाचा. एका थंड रात्रीत शरीर ऊबदार ठेवण्यातच त्याच्या वजनाचा सुमारे दहावा भाग खर्ची पडतो. सकाळी लवकर चारा मिळाला नाही तर त्याचे प्राण धोक्यात येतात.

या प्रांताला पक्षिरक्षणाची जुनी परंपरा आहे. १८९९ साली श्टुटगार्टमध्येच लीना हेनले या बाईंनी पक्षिरक्षणाची संस्था स्थापन केली आणि १९३८ पर्यंत ती चालविली. आज ती ‘नाबू’ नावाने ओळखली जाते. २०११ पासून दर जानेवारीत ही संस्था देशभर पक्षिगणना भरविते. लोकांनी एक तास आपल्या परसातील पक्षी मोजून कळवायचे, एवढेच काम. अलीकडे लाखाहून अधिक माणसे त्यात भाग घेतात.

कोणाला काय द्यावे, हेही तेथील लोक जाणतात. जाड चोचीच्या पक्ष्यांना सूर्यफुलाच्या बिया लागतात. मऊ खाणाऱ्या आमसेल या काळ्या पक्ष्याला ओटचे पोहे, मनुका, सफरचंदाचे तुकडे आवडतात. पाव आणि खारट उष्टे मात्र देऊ नये. चरबीचे गोळे प्लॅस्टिकच्या जाळीत नसावेत, कारण तिच्यात पाय अडकतात. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाला लागून भांडे ठेवू नये.

पण सर्वांत मोठा नियम स्वच्छतेचा. २००९ च्या उन्हाळ्यात जर्मनीत ग्रुनफिंक नावाचे हिरवे पक्षी मोठ्या संख्येने मेले. ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जंतू त्यांच्या घशात वाढतो, गिळणे बंद होते आणि भरल्या ताटापुढे पक्षी उपाशी मरतो. आजारी पक्ष्याची लाळ दाण्यापाण्यात पडली की रोग पसरतो. म्हणून पक्ष्यांना दाण्यांत उभे राहता येणार नाही अशी नळीसारखी भांडी वापरावीत, असे नाबू सांगते. उन्हाळ्यात एकाहून अधिक आजारी वा मेलेले पक्षी दिसले तर खाऊ घालणे ताबडतोब थांबवावे, असाही तिचा सल्ला आहे.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट दूरदेशीची नाही. आपल्या मॉरिशसचे गुलाबी कबूतर १९९०-९१ च्या सुमारास रानात जेमतेम दहा उरले होते. पिंजऱ्यातील पैदास, शत्रुप्राण्यांचा बंदोबस्त आणि रानात नियमित ठेवलेले खाद्य यांमुळे त्यांची संख्या पुन्हा शेकड्यांत गेली. परंतु याच कबुतरांच्या पिलांचा बळी घेणाऱ्या रोगांत हाच ट्रायकोमोनास आहे. आपल्या अंगणात दाणे टिपणारी, बाहेरून या बेटावर आणलेली पारवी तो पसरवितात. म्हणजे अन्नानेच जीव वाचतो आणि अस्वच्छ भांड्यानेच तो जातो.

तेव्हा आपल्या अंगणात काय करावे? आपल्याकडे बर्फ पडत नाही. चिमणी, साळुंकी आणि लाल कार्दिनाल यांना येथे चाऱ्याची टंचाई नाही. शिवाय हे सारे पक्षी बाहेरून आलेले. ज्याचे हे खरे माहेर, तो करडा पिकपिक दाण्यांसाठी येत नाही; त्याला किडे, फुलांतला मध आणि फळे हवीत. त्याच्यासाठी फुलझाड लावावे आणि त्यावर विषारी फवारा मारू नये. उन्हाळ्यात उथळ थाळीत पाणी ठेवावे, पण ते रोज बदलावे व थाळी घासून धुवावी. दाणे ठेवायचेच असतील तर सायंकाळपर्यंत संपतील एवढेच ठेवावेत आणि भांडे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

घास काढून ठेवण्याची रीत चांगलीच आहे. आपण पाहुण्याला उष्ट्या ताटात वाढत नाही. मग पाखराला तरी का वाढावे? मुलांच्या हाती मूठभर दाणे देताना त्यांच्या हाती थाळी घासण्याचा ब्रशही द्या.