देवनागरी खूणनामे आणि ब्राउझर

वेबपानावरील विशिष्ट विभागाकडे वाचकास थेट न्यावयाचे असेल, तर त्या विभागास एक नाव द्यावे लागते व तेच नाव पत्त्यात हॅशचिन्हापुढे लिहावे लागते. या नावास येथे ‘खूणनाम’ म्हटले आहे. देवनागरी खूणनामांच्या बाबतीत उद्भवणाऱ्या अडचणींचे स्वरूप व परिहार सांगणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदचेच उदाहरण घेऊ. ‘जळगाव_जामोद’ या खूणनामात युनिकोडची १० देवनागरी चिन्हे व एक अधोरेषा आहे. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्हाचे यूटीएफ-८ नुसार ३ बाइट होतात आणि प्रत्येक बाइट ३ वर्णांनी लिहिला जातो. म्हणजे एकूण ९१ वर्ण झाले. ब्राउझर स्वतः विभाग शोधतो तेव्हा हे सांकेतिक रूप तोच उलगडून पाहतो. जावास्क्रिप्टच्या हाती मात्र आजचे ब्राउझर सांकेतिक रूपच देतात. फायरफॉक्स पूर्वी उलगडलेले रूप देत असे. त्यामुळे एका ब्राउझरात चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यात निष्फळ ठरे. तुलनेपूर्वी ते रूप उलगडून घेणे, हा त्यावरील उपाय होय.

विभाग सापडल्यावर पान सरकविण्यातही भेद होता. सरकणारा घटक म्हणून क्रोम २०१७ मधील ६१ व्या आवृत्तीपूर्वी ‘बॉडी’ घटक मानी, तर फायरफॉक्स दस्तऐवजाचा मूळ घटक मानी. ‘स्क्रोल-इन्टू-व्ह्यू’ ही क्रिया वापरल्यास या वादात पडावे लागत नाही.

तथापि खरी अडचण याहून सूक्ष्म आहे. हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले असल्यामुळे त्याच्या पानावर ‘सातपुड्यातील दऱ्या’ असा विभाग आहे असे समजू. यातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’, हलन्तचिन्ह व ‘य’ असा, किंवा साधा ‘र’, हलन्तचिन्ह, अदृश्य जोडचिन्ह व ‘य’ असा. डोळ्यांस दोन्ही एकच दिसतात. ब्राउझर मात्र चिन्हास चिन्ह ताडून पाहतो, आणि त्याच्या लेखी ही दोन भिन्न नावे होत. युनिकोडचे प्रमाणीकरणही ती एक करीत नाही. मराठी विकिपीडियावर विभागाच्या शीर्षकावरूनच खूणनाम बनते. तेथे शीर्षक एका प्रकारे व दुवा दुसऱ्या प्रकारे टंकित झाल्यास वाचक पानाच्या आरंभीच राहतो.

यावर अदृश्य चिन्ह सरसकट गाळून टाकण्याचा मोह होतो. परंतु तसे केल्यास ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातील घळीच्या जागी समुद्र येतो! म्हणून प्रथम प्रमाणीकरण करावे, नंतर ‘र’, हलन्तचिन्ह व जोडचिन्ह या त्रयीच्या जागी ‘ऱ’ व हलन्तचिन्ह योजावे; आणि हा संस्कार पानावरील खूणनाम व पत्त्यातून आलेले नाव या दोहोंवर सारखाच करावा.

संशोधनलेखातील संदर्भ आता वारंवार अशा दुव्यांनी दिले जातात. संदर्भ दिला, परंतु वाचक त्या स्थळी पोहोचला नाही, तर तो संदर्भ पडताळता येत नाही. खूणनामाची शुद्धता हा म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा विषय नव्हे.